खुडूक कोंबडी आणि खोक्यातली ऊब

खुडूक हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो कोंबडीबद्दल नव्हे, माझ्याबद्दल. शाळा बुडवून गोधडी पांघरून कोपऱ्यात बसलो की आई म्हणायची, "बसलं बघा खुडूक हून." आमचे गाव इंदापूर तालुक्यातले, नीरा डाव्या कालव्याच्या शेपटाकडचे. वर बारामतीकडून पाणी आले तर ऊस, नाही आले तर ज्वारी. कोंबड्या मात्र पाणी असो वा नसो, घरोघर होत्या. त्यांतली एखादी दहा-पंधरा अंडी घालून झाली की एके दिवशी घालायची थांबे, पाटीत फतकल मारून बसे, अंग फुगवून कुणी जवळ गेले की गुरगुरे. म्हणजे ती खुडूक झाली.

खुडूक कोंबडीचे दोनच उपाय असत. घरात अंडी असतील तर तिला रवणाला बसवायचे, म्हणजे पाटीत भुस्सा घालून नऊ, अकरा किंवा तेरा अंडी तिच्याखाली सरकवायची. संख्या विषमच का, याचे उत्तर मला कुणीही दिले नाही. अंडी नसतील किंवा पिल्ले नको असतील तर खुडूक मोडायचे: पाण्यात बुडवून काढायचे, दोन दिवस उघड्यावर डालग्याखाली कोंडायचे, नाहीतर तिच्याच पंखातले पीस तिच्या नाकातून आरपार खोचायचे. तिसरा मार्ग शेजारणीचा. आपली कोंबडी खुडूक आणि शेजारणीकडे अंडी, तर पिल्ले निम्मी निम्मी. या व्यवहारात पुरुष नसत. अंड्याचा आणि पिल्लाचा पैसा बाईचा, मीठ-मिरचीचा, पोराच्या वह्यांचा. माझ्या पहिलीच्या पाटीचा पैसाही त्यातलाच.

मी बारामतीत इतिहास शिकवतो. या दोन तालुक्यांचा इतिहास लिहायचा तर कालवा आहे, वालचंदनगर आहे, सहकारी साखर कारखाने आहेत, 1972 चा दुष्काळ आहे, उजनीचे धरण आहे. या सगळ्याचे कागद सापडतात. परसातल्या कोंबडीचे कागद नाहीत. तिच्याविषयी मी जे शोधले ते एका विशिष्ट प्रसंगामुळे, आणि तो सांगितल्याशिवाय पुढचा शोध कशासाठी हे कळणार नाही.

डिसेंबर 2007. आईचा निरोप आला की कोंबड्यांना मानमोडी आली. पुस्तकात हिचे नाव राणीखेत. कुमाऊंमधल्या त्या गावी 1920 च्या दशकाच्या अखेरीस भारतात ती प्रथम ओळखली गेली, म्हणून हे नाव. इंग्लंडात तिला न्यूकॅसल म्हणतात. प्रत्येक देशाने ती दुसऱ्या गावाच्या नावावर खपवली आहे. आमच्या बायांनी मात्र ती जे करते तेच नाव ठेवले. हिरवट हगवण, लुळे पंख, पिळवटलेली मान. लस असते आणि ती स्वस्तही असते, पण आठ कोंबड्यांसाठी शंभर मात्रांची बाटली फोडायला कुणी येत नाही. चार दिवसांत आईची एकही कोंबडी उरली नाही. वस्तीवरच्या इतरांच्याही गेल्या.

आई रडली नाही, पण जेवलीही नाही. त्या कोंबड्या साध्या नव्हत्या. 1966 साली ती लग्न होऊन आली तेव्हा माहेराहून एक तांबडी तलंग टोपलीतून तिच्याबरोबर आली होती. तिचे माहेर करमाळा तालुक्यात, भीमेकाठी. पुढे उजनीचे पाणी चढले आणि ते गाव तळाशी गेले. माणसे उठून दुसरीकडे गेली. त्या घरातली तिच्याकडे उरलेली जिवंत गोष्ट म्हणजे त्या तलंगीची लेक, तिची लेक, तिची लेक. एक्केचाळीस वर्षे. आता उरली होती ज्वारीच्या डब्यात ठेवलेली चौदा अंडी, रोग येण्याच्या आदल्या आठवड्यातली. उबवायला कोंबडी नव्हती.

कोंबडीवाचून अंडी उबवण्याची कला माणसाला फार जुनी अवगत आहे. ॲरिस्टॉटलने प्राण्यांविषयीच्या ग्रंथात लिहिले आहे की इजिप्तमध्ये अंडी उकिरड्यात पुरून उबवतात. त्याच ठिकाणी त्याने सिराक्यूज गावच्या एका मद्यप्याची हकीकत दिली आहे: हा गृहस्थ बसायच्या चटईखाली अंडी ठेवी आणि पिल्ले निघेपर्यंत पीत बसे. खुडूक होण्याची इतकी चैन फार थोड्यांच्या नशिबी असते. इजिप्तमधल्या पुढच्या काळातल्या भट्ट्या मात्र थट्टेचा विषय नव्हत्या. मातीच्या विटांची इमारत, मधून बोळ, दोन्ही बाजूंना दुमजली खोल्या. खालच्या खोलीत हजारो अंडी, वरच्या खोलीत शेण आणि काडाचा धुमसता विस्तव. तापमापक नव्हता. कारागीर अंडे उचलून डोळ्याच्या पापणीला लावी आणि ऊब जोखी. नाईलच्या त्रिभुज प्रदेशातल्या बर्मे गावचे लोक या कामात वाकबगार होते आणि विद्या बाहेर जाऊ देत नसत. अंडी आणून देणाऱ्याला ते दर तीन अंड्यांमागे दोन पिल्ले परत करण्याची हमी देत. आमच्या शेजारणींचा निम्मा वाटा मला इथे आठवला; बर्मेच्या लोकांचा दर ग्राहकाला जास्त परवडणारा होता.

फ्रान्समधला रेओम्यूर, ज्याच्या नावाचे तापमानाचे माप आहे तोच, या भट्ट्यांच्या मागे लागला आणि 1749 मध्ये त्याने या विषयावर दोन खंडांचे पुस्तक काढले. त्याने शेणखताच्या उष्णतेवर अंडी उबवली. सुरुवातीला त्याच्या अंड्यांतले जीव मरत. कारण उष्णता नव्हती, शेणाची वाफ होती. अंड्याचे कवच सच्छिद्र असते. आतला जीव त्यातून श्वास घेतो. मग त्याने लाकडी पिंप खतात पुरून अंडी पिंपात ठेवली, म्हणजे ऊब आत यावी आणि वाफ बाहेर राहावी. हा बारकावा मी का सांगतो आहे ते पुढे येईल. 1881 च्या सुमारास लंडनमध्ये चार्ल्स हिअरसनने एक पातळ धातूची डबी बसवली. ठरलेल्या तापमानाला तिच्यातला द्रव उकळून डबी फुगे आणि दिव्याची धग आपोआप कमी होई. कॅलिफोर्नियातल्या पेटालुमा गावात लायमन बाइसने 1879 पासून इन्क्युबेटरचा धंदा उभा केला. पिल्लू बाहेर येण्यापूर्वी उरलेला बलक पोटात ओढून घेते आणि त्यावर दोन-तीन दिवस दाणापाण्यावाचून राहू शकते. निसर्गाने ही सोय केली ती घरट्यातल्या मागे राहिलेल्या भावंडांसाठी आईला थांबता यावे म्हणून. माणसाने तिचा उपयोग पार्सलसाठी केला. अमेरिकेच्या टपाल खात्याने 1918 पासून एक दिवसाची पिल्ले पोचवायला सुरुवात केली.

दख्खनमध्ये अशा भट्ट्यांची परंपरा माझ्या वाचनात आली नाही, आणि मला त्यात नवल वाटत नाही. जिथे प्रत्येक घरात चार कोंबड्या आणि त्यांतली एक सदैव खुडूक, तिथे भट्टी कशाला? भट्टी लागते ती शहराला अंडी पुरवणाऱ्याला.

आमच्याकडे ते शहर उशिरा आले. पांढरी लेगहॉर्न ही मूळ इटलीकडची, अमेरिकेत घडवलेली जात सरकारी फार्मांतून पसरली. पुण्याजवळ खडकीला पशुसंवर्धन खात्याचे मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे. तिथली एक दिवसाची पिल्ले खोक्यातून नेणारे शेतकरी मी लहानपणी एसटीत पाहिले आहेत. खोक्याला भोके असत आणि सगळी गाडी चिवचिवे. 1971 मध्ये डॉ. बी. व्ही. राव यांनी व्यंकटेश्वरा हॅचरीज स्थापन केली आणि पुढे पुणे हे तिचे मुख्य ठाणे झाले. अंड्याचा भाव व्यापाऱ्याने नव्हे, उत्पादकाने ठरवावा म्हणून 1982 साली राष्ट्रीय अंडी समन्वय समिती उभी राहिली तीही त्यांच्याच पुढाकाराने. इकडे बारामतीत आप्पासाहेब पवारांचा अॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्ट 1971 चाच. जिरायती पट्ट्यात पाणी अडवणे, संकरित गाई, कोंबड्या, फळबागा हे सगळे त्या काळाच्या एकाच उमेदीचे भाग होते. ज्यांच्या शिवाराला कालवा मिळाला नाही त्यांच्यातल्या अनेकांनी कोंबडीची शेड बांधली. शेडला उसाइतके पाणी लागत नाही.

या उमेदीला मी नावे ठेवणार नाही. माझे दोन चुलतभाऊ तिच्यावर उभे राहिले. पण तिच्यात कोंबडीचे काय झाले ते पाहिले पाहिजे. गावरान कोंबडी वर्षाला पन्नास-साठ अंडी देते. खुडूक होणे, एकवीस दिवस बसणे, मग दोन-अडीच महिने पिल्ले सांभाळणे, यात तिचे वर्ष जाते. प्रोलॅक्टिन नावाचे संप्रेरक रक्तात वाढले की ती खुडूक होते. जी कोंबडी खुडूक होत नाही ती अंडी देतच राहते. म्हणून पैदासकारांनी पिढ्यान्पिढ्या न बसणाऱ्या कोंबड्याच निवडल्या, आणि आजची पिंजऱ्यातली पांढरी कोंबडी वर्षाला तीनशेच्या वर अंडी देते. तिला आई होणे माहीत नाही. शिवाय ही कोंबडी संकराची: आजी-आजोबांचे निवडक कळप कंपनीकडे, त्यांच्या ठरावीक जोड्यांतून ही निघते. तिचे अंडे उबवले तरी तिच्यासारखी कोंबडी निघत नाही. संकरित बियाणे दरवर्षी विकत घ्यावे लागते, तसेच पिल्लूही. मांसाच्या कोंबडीच्या करारात तर हे उघडच लिहिलेले असते: पिल्लू, खाद्य, औषध कंपनीचे, शेड, वीज, मजुरी शेतकऱ्याची, वजनावर पैसे. शेतकऱ्याकडे कोंबडीपालन आले आणि कोंबडीची पैदास गेली. आमच्या भागात हे घडले ते वीस-पंचवीस वर्षांत, आणि बाईच्या हातून मिठा-मिरचीचा पैसा गेला तोही याच काळात. शेडचा हिशेब पुरुषाच्या खात्यावर येतो.

तर 2007 च्या त्या डिसेंबरात मी शोधत फिरलो ती एक खुडूक कोंबडी. बारामती ते इंदापूर रस्त्यावर दोन्ही बाजूंना शेड, त्यांत हजारो कोंबड्या, आणि चौदा अंड्यांवर बसायला एकही नाही. आदल्याच वर्षी फेब्रुवारीत नवापूरला बर्ड फ्लू निघाला होता, लाखो पक्षी मारले गेले होते आणि त्या भीतीने परसातल्या कोंबड्याही पुष्कळांनी मोडून टाकल्या होत्या.

शेवटी खोके केले. औषधाच्या दुकानातून थर्मोकोलची पेटी आणली, जिच्यात लशी येतात. पंचवीस वॉटचे दोन बल्ब, थर्मोकोल वितळू नये म्हणून भोवती तारेची जाळी, खाली पाण्याची बशी, झाकणाला दोन भोके आणि त्यांना बुचे. तापमापक शाळेच्या प्रयोगशाळेतला. आपोआप बंद होणारे काही नव्हते. तापमान चढले की बूच काढायचे, उतरले की लावायचे. वही घेऊन मी नाताळच्या सुटीभर खोक्यापाशी बसलो. पंखा नसलेल्या पेटीत अंड्याच्या माथ्याशी साधारण साडेअडतीस अंश हवेत, पंखा असेल तर साडेसदतीस पुरतात, हे मी वाचून ठेवले होते. अंड्यांना एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोल; दिवसातून तीनदा फिरवायची, नाहीतर गर्भ आतल्या पापुद्र्याला चिकटतो. आई पहिल्या दिवशी म्हणाली, "ह्यो डबा काय गुरगुरत न्हाय."

सातव्या रात्री खोली अंधारी करून पुठ्ठ्याच्या भोकामागे बल्ब धरला आणि एकेक अंडे पाहिले. तीन वांझ. दोघांत रक्ताचे कडे दिसले, म्हणजे जीव धरून सुटला होता. दोष माझाच: तिसऱ्या दुपारी मी जेवायला गेलो आणि पारा एक्केचाळिसावर गेला. उरलेल्या नवांत कोळ्यासारख्या शिरा आणि मध्ये एक हलणारा ठिपका. आईने एक अंडे माझ्या हातातून घेतले, उजेडाशी धरले आणि बराच वेळ परत दिले नाही.

ती भारनियमनाची वर्षे होती. पंधराव्या दिवशी संध्याकाळी वीज गेली आणि रात्री उशिरापर्यंत आली नाही. मी कंदील पेटवून पेटीत ठेवायला निघालो, तेव्हा मला रेओम्यूरच्या शेणाची वाफ आठवली. धूर आत कोंडला तर जीव गुदमरणार. कंदील बाहेर ठेवून काय उपयोग? पारा चौतिसावर, मग तिशीवर. मी घाबरून आईला हाक मारली. ती म्हणाली, "आरं, कोंबडी बी उठतीच की रोज चाऱ्याला. येवढं काय धरून बसलास?" मग तिने चुलीवर पाणी ठेवले, चार काचेच्या बाटल्या भरल्या, फडक्यात गुंडाळून अंड्यांच्या कडेने लावल्या आणि वर गोधडी टाकली. दर तासाला पाणी बदलले. तिने जे सांगितले ते नंतर मला पुस्तकांतही सापडले: गर्भाला थोडा वेळ गारवा सोसतो, जास्त ताप सोसत नाही. मी दोन्ही उलटे करत होतो.

एकविसाव्या दिवशी पहाटे पहिल्या अंड्यातून आवाज आला, कवच फुटण्याच्या आधी. दुपारपर्यंत पाच पिल्ले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आणखी एक. तीन कवचातच गेली. अठराव्या दिवसानंतर अंडी हलवायची नसतात आणि आत दमटपणा वाढवायचा असतो. मी दर अर्ध्या तासाने झाकण उघडून बघत होतो, त्यामुळे दमट हवा निघून गेली आणि आतला पापुद्रा वाळून पिल्लांभोवती आवळला. बघण्याच्या हौसेची किंमत तीन पिल्ले. सहांतले दोन कोंबडे निघाले, चार तलंगा. तलंगा सगळ्या तांबड्या.

आज अशी खोकी आमच्या दोन्ही तालुक्यांत गावोगाव आहेत. थर्मोकोलऐवजी जुना फ्रीज, फळ्यांचे कपाट, पंख्याला संगणकातला पंखा, तापमानाला दोन-तीनशे रुपयांचा डिजिटल कंट्रोलर, अंडी फिरवायला छोटी मोटर, वीज गेली तर इन्व्हर्टर. गावरान अंड्याला पांढऱ्या अंड्याच्या दुपटीहून अधिक भाव मिळू लागला आणि शिकून घरी बसलेल्या पोरांनी, काही ठिकाणी बचत गटाच्या बायांनीही, ही खोकी चालू केली. काही जण दुसऱ्यांची अंडी भाड्याने उबवून देतात, बर्मेच्या कारागिरांसारखी. गिरिराज, वनराज, कावेरी या सुधारित जातींची पिल्लेही त्यांच्याकडे मिळतात आणि पुष्कळदा गावरान म्हणूनच खपतात. बाजाराला तेवढा फरक दिसत नाही. तरी एक गोष्ट मान्य करावी लागते. पन्नास वर्षांपूर्वी अंडी उबवण्याचे काम घरातून उठून हॅचरीत गेले होते, ते या खोक्यांनी घरात परत आणले.

मात्र मला एक शंका आहे आणि ती मी खोकीवाल्या पोरांपुढेही काढतो. कंपनीने खुडूक हटवले ते निवडून हटवले. खोके निवडत नाही, पण निवड होतेच. जी कोंबडी कमी खुडूक होते तिची अंडी वर्षभरात जास्त, म्हणून खोक्यात तिची पिल्ले जास्त. जी महिनोन्महिने बसते तिची कमी. दहा-पंधरा पिढ्या सगळीच पिल्ले खोक्यात उबवली तर गावरान कोंबडीही हळूहळू बसायचे विसरेल, कुणी ठरवलेले नसताना. मग वीज, कंट्रोलर आणि खोके यांच्यावाचून तिची जात पुढे जाणार नाही. पोरे म्हणतात, "सर, खुडूक झाली की आमचा तोटा." त्यांचा हिशेब चुकीचा नाही. माझ्या एका माजी विद्यार्थ्याने तर खुडूक कोंबडी ओळखून विकायचा नियमच केला आहे.

त्या सहांतल्या एका तलंगीने पुढच्या पावसाळ्यात पहिली दहा-बारा अंडी घातली आणि एके सकाळी ती पाटीतून उठेना. खोक्यात जन्मलेली, आईची पिसे कधी अंगावर न घेतलेली कोंबडी अंग फुगवून गुरगुरत होती. आई दारातून ओरडली, "बसली गं बाई, बसली!" तेव्हापासून आमच्याकडे दोन हिशेब चालतात. खोक्यात चाळीस अंडी लावतो, ती विकायच्या पिल्लांसाठी. घरच्या वंशाची पिल्ले मात्र फक्त खुडूक झालेल्या कोंबडीच्या अंड्यांतून आणि कोंबडीखालीच काढायची. आईने आता पंचाहत्तरी ओलांडली आहे, तिला वाकवत नाही, पण पाटीतला भुस्सा तीच घालते. यंदा कोजागरीच्या सुमारास एक तांबडी बसली. तिच्याखाली अकरा घातली आहेत. दिवाळी झाल्यावर कधीतरी फुटतील; आई म्हणते, झाकण नाही म्हणून या वेळी मला उघडून बघता येणार नाही.